द्विमितीत संघनन होत नाही म्हणतात, मग या थरांच्या चुंबकांत काय गोठतं?

अर्धस्पिन

गेले काही दिवस क्वांटम चुंबकांवर वाचतोय आणि एका जागी गाडी अडली आहे. जाणकारांनी मदत करावी म्हणून धागा काढला. आधी मला जेवढं कळलंय तेवढं मांडतो. चुकलं तर बिनधास्त कान धरा.

बोस-आइन्स्टाइन संघनन, म्हणजे असंख्य कणांनी एकाच तळाच्या क्वांटम अवस्थेत गोळा होणं, म्हटलं की १९९५ आठवतं. बोल्डरला कॉर्नेल आणि वायमन यांनी रुबिडियमचे अणू जेमतेम १७० नॅनोकेल्विनपर्यंत थंड केले आणि ते एकाच अवस्थेत जाऊन बसले. पाठोपाठ केटर्ले यांनी सोडियममध्ये तेच केलं. २००१चं नोबेल या तिघांना मिळालं. सत्येंद्रनाथ बोस यांचा मूळ लेख १९२४चा, म्हणजे कल्पनेपासून प्रयोगापर्यंत ७१ वर्षं गेली.

मी वाचतोय त्या प्रकरणात मात्र अणू जागचे हलतच नाहीत. स्फटिकात तांब्याचे आयन आपापल्या ठिकाणी घट्ट बसलेले, प्रत्येकाचा स्पिन (अंगचं सूक्ष्म चुंबकत्व) अर्धा. शेजारचे दोन आयन जोडी करतात आणि त्यांचे स्पिन एकमेकांना पुरते खोडून काढतात. ही झाली सिंगलेट अवस्था, चुंबकत्व शून्य. जोडी मोडून ट्रिपलेट, म्हणजे दोन स्पिन एकमेकांना न खोडणारी अवस्था, करायची तर ऊर्जा मोजावी लागते. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की तीनपैकी एका ट्रिपलेटची, म्हणजे क्षेत्राच्या दिशेला तोंड केलेल्याची, किंमत उतरत जाते. एका ठराविक क्षेत्राला ती शून्य होते. तिथून पुढे ट्रिपलेट आपणहून तयार होतात, एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर उड्या मारतात आणि एका जोडीवर एकच मावतो. जागेचं हे बंधन सोडलं तर ते बोसॉन, म्हणजे एकाच अवस्थेत कितीही गोळा होऊ शकणारे कण, आणि म्हणून ते संघनित होतात.

इथवर पटलं. पण यातले बरेच पदार्थ थरांचे आहेत. थराच्या आत स्पिनांची जोडणी भक्कम, दोन थरांमध्ये जवळजवळ नाहीच. आणि पाठ्यपुस्तक म्हणतं की शून्याच्या वरच्या कोणत्याही तापमानाला द्विमितीत संघनन होत नाही. मग लोक मोजतात ते नक्की काय?

वाचनवेडी

वाखूसा (वाचनखूण साठवली). प्रश्न आवडला, उत्तर येत नाही.

तळटीप

उत्तर देणारे येतीलच, तोवर थोडा इतिहास, कारण तो उलट्या बाजूने सुरू झाला आहे. १९५६ साली मात्सुबारा आणि मात्सुदा यांना चुंबकांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना द्रव हेलियम समजून घ्यायचं होतं. त्यांनी अवकाशाची जाळी केली. घरात अणू असेल तर स्पिन वर, नसेल तर खाली. एका घरात दोन अणू येऊ शकत नाहीत हे बंधन अर्ध्या स्पिनमुळे आपोआप पाळलं जातं. म्हणजे बोसॉनांचं कोडं सोडवायला त्यांनी स्पिन उसने आणले. १९८४ साली बातयेव आणि ब्रागिन्स्की यांनी गाडी उलटी हाकली. सगळे स्पिन क्षेत्राच्या दिशेला वळलेले आहेत असं समजा आणि क्षेत्र जरा कमी करा. जे थोडे स्पिन कलंडतात, ते विरळ बोसॉन वायूसारखे वागतात. जोड्यांच्या पदार्थांसाठी हेच गणित जियामार्की आणि त्स्वेलिक यांनी १९९९ साली मांडलं.

उलटतपासणी

माझी मूळ शंका धागाकर्त्याच्याही आधीची आहे. याला संघनन म्हणायचंच का? रुबिडियमचा अणू हा अणू आहे, मोजता येतो, नाहीसा होत नाही. मॅग्नॉन, म्हणजे हे ट्रिपलेट किंवा कलंडलेले स्पिन, हे स्पिनांच्या हालचालीचं आपण ठेवलेलं नाव. ते निर्माण होतात, विरतात. ज्यांची संख्याच टिकत नाही त्यांचं संघनन कसलं? जालकातल्या कंपनांचे फोनॉनही बोसॉनच आहेत. ते थंडीत संघनित होत नाहीत, संपतात. मला हे जुन्याच तिरक्या चुंबकाला मोठं नाव चिकटवण्यासारखं वाटतं.

थंडगार

उलटतपासणी, शंका रास्त आहे. मी काही वर्षं कमी तापमानाच्या मोजमापांत काढली आहेत, तेव्हा जरा लांबण लावतो.

फोनॉनशी तुलना इथेच तुटते. फोनॉन शून्य तापमानाला शून्य होतात. इथे क्षेत्र पहिल्या उंबरठ्याच्या (ट्रिपलेटची किंमत शून्य होते त्या क्षेत्राच्या) पुढे नेलं की तापमान शून्यावर आणलं तरी ट्रिपलेट उरतातच. किती उरतात ते क्षेत्र ठरवतं. म्हणजे वायूत रासायनिक विभव (कणसंख्या ठरवणारी राशी) जे काम करतो ते इथे चुंबकीय क्षेत्र करतं. आणि संख्या मोजता येते का म्हणाल तर अगदी थेट येते, क्षेत्राच्या दिशेचं चुंबकन म्हणजेच ट्रिपलेटांची संख्या. अणूंच्या सापळ्यात कणसंख्या बदलायला खटाटोप करावा लागतो, इथे विद्युतप्रवाहाचं बटण फिरवायचं.

संख्या टिकते का? क्षेत्राच्या अक्षाभोवती सगळे स्पिन एकसाथ फिरवले आणि ऊर्जा तसूभरही बदलली नाही, तर टिकते. या सममितीला यू(१) म्हणतात. संघनन झालं की क्षेत्राला काटकोनात, एकाआड एक उलट दिशेचं चुंबकत्व उभं राहतं. ते त्या पातळीत कोणत्या कोनात उभं राहील हे आधी ठरलेलं नसतं. तो कोन म्हणजेच संघनिताची कला (फेज).

आता ‘नुसतं नाव’ या आरोपाबद्दल. थॅलियम कॉपर क्लोराइड हा यातला गाजलेला स्फटिक. उंबरठा ६ टेस्लाच्या जरा खाली. क्षेत्र त्याच्या वर कायम ठेवून थंड करत गेलं की चुंबकन घटत जातं, एका तापमानाला टोकदार तळ गाठतं आणि तिथून परत चढू लागतं. साध्या सरासरी-क्षेत्राच्या सिद्धांताप्रमाणे संक्रमणाच्या खाली रेषा सपाट राहायला हवी होती. ती चढते. हे निकुनी, ओशिकावा, ओसावा आणि तानाका यांनी २००० साली बोसॉनांच्या भाषेत उलगडलं. वर औष्णिक ट्रिपलेट कमी होत जातात म्हणून घट. संक्रमणाच्या खाली संघनितात बसणारे त्याहून वेगाने वाढतात म्हणून चढ. नाव बदलल्याने जर आधी न सुटलेली रेषा सुटत असेल तर ते नाव उपयोगी आहे.

२००३ साली रुएग आणि सहकाऱ्यांनी त्याच स्फटिकावर १४ टेस्लात न्यूट्रॉन प्रकीर्णन केलं, म्हणजे न्यूट्रॉन सोडून ते कसे विखुरतात ते मोजलं. कोन मोकळा असेल तर तो हळुवार वळवायला जवळजवळ ऊर्जा लागू नये आणि तरंगाची ऊर्जा संवेगाच्या प्रमाणात वाढावी. तशीच सरळ रेषा मिळाली.

उलटतपासणी

‘तसूभरही’ या शब्दावर बोट ठेवतो. खऱ्या स्फटिकात सममिती इतकी सोवळी असते?

थंडगार

नसते, पकडलंत. जालकाची ठेवण, स्पिन आणि कक्षीय गतीची गुंतवण, द्विध्रुवांमधली ओढाताण, हे सगळे तो कोन थोडाफार बांधून टाकतात. थॅलियमच्याच स्फटिकात पुढे स्पिन अनुनादाच्या मोजमापांत अशी छोटी ऊर्जेची फट दिसली. त्यामुळे मी असं म्हणतो की त्या फटीपेक्षा वरच्या ऊर्जेला आणि तापमानाला संघननाचं चित्र चालतं, खाली खाली गेलात तर मोडतं. कायम वाहणारा अतिप्रवाह वगैरे इथे शोधू नये, निराशा होईल.

उलटतपासणी

या अटींसकट मान्य. ‘नुसतं नाव’ मागे घेतो.

घातांक

आता मूळ प्रश्न. अर्धस्पिन, उत्तर लॉगॅरिदममध्ये दडलं आहे आणि माझ्या मते हे या विषयातलं सगळ्यात देखणं गणित आहे.

मुक्त बोसॉन घ्या. संघनन कधी होतं? वरच्या अवस्थांमध्ये बसू शकणाऱ्या कणांना कमाल मर्यादा असेल तर. मर्यादा ओलांडली की उरलेल्यांना तळाशी बसण्यावाचून गत्यंतर नसतं. त्रिमितीत कमी ऊर्जेच्या अवस्था विरळ असतात, म्हणून वरची बेरीज मर्यादित राहते. द्विमितीत अवस्थांची घनता शून्य ऊर्जेपर्यंत सपाट असते. प्रत्येक अवस्थेतली सरासरी संख्या तळाशी तापमान भागिले ऊर्जा अशी वाढते. तिचं शून्यापासून संकलन केलं की लॉगॅरिदम येतो आणि तो अनंताला जातो. म्हणजे कितीही कण आणा, तळाच्या जरा वर सगळ्यांना जागा आहे, तळाशी जायची सक्ती कोणावरच नाही.

पण हा अनंत फार आळशी आहे. लॉगॅरिदमने जाणारी गोष्ट अनंताला जाते खरी, मात्र मुंगीच्या पावलांनी. आता थरांमध्ये चिमूटभर जोडणी घाला. त्या जोडणीपेक्षा कमी ऊर्जेला प्रणाली त्रिमितीय होते आणि संकलन तिथेच थांबतं. उरतो लॉगॅरिदम, ज्याच्या आत तापमान भागिले थरांमधली जोडणी. आकडे घालून पाहा. थरांमधली जोडणी थरातल्या जोडणीच्या एक हजारांश असेल तर नैसर्गिक लॉगॅरिदम जवळपास ७. एक लाखांश केली तर ११.५. जोडणी शंभर पटींनी कमी केली आणि संक्रमणाचं तापमान दुपटीनेही उतरलं नाही!

म्हणून पाठ्यपुस्तकही खरं आणि प्रयोगही खरा. थर पूर्ण सुटे असते तर संघनन झालं नसतं. पूर्ण सुटे थर निसर्गात नाहीत, आणि जवळजवळ सुटे असणं पुरत नाही.

अर्धस्पिन

घातांक, दंडवत. मी जोडणी लाखांश म्हणजे तापमानही लाखांश असं धरून बसलो होतो. तिथेच चूक होती.

पण मग तुमच्या म्हणण्याप्रमाणे थरांच्या चुंबकाचं संघनन त्रिमितीयच ठरलं की. द्विमितीचा काही मागमूस उरतो का?

जांभळी_शाई

उरतो, आणि त्याचं सगळ्यात झकास उदाहरण हान पर्पल! बेरियम कॉपर सिलिकेट. प्राचीन चीनमध्ये माणसाने बनवलेलं रंगद्रव्य, मातीच्या सैनिकांच्या पुतळ्यांवर सापडलेलं. तेच आज क्वांटम चुंबक म्हणून प्रयोगशाळेत. यात तांब्याच्या जोड्या थराला काटकोनात उभ्या आणि वरच्या थरातली जोडी खालच्या चार जोड्यांच्या बरोब्बर मध्यावर. आता संघनिताची कला थरात एकाआड एक उलटी असते. म्हणजे वरच्या जोडीला खालच्या चार शेजाऱ्यांपैकी दोघे म्हणतात असं वळ, दोघे म्हणतात तसं वळ. बिचारीची पुरती कुचंबणा. थरांमधला संवाद खोडला जातो आणि प्रत्येक थर स्वतंत्र होतो.

पुरावा घातांकात. उंबरठ्याजवळ संक्रमणाचं तापमान क्षेत्राच्या फरकाच्या घाताने वाढतं, घात म्हणजे २ भागिले मिती. त्रिमितीत २/३, द्विमितीत १. सेबॅस्टियन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली २३ टेस्लाच्या वर, अगदी शून्याजवळ मोजलं आणि घात २/३ वरून १ वर सरकलेला दिसला. त्रिमितीय स्फटिक कुचंबणेमुळे द्विमितीय झाला. मला तर ही जादू वाटते.

तळटीप

जांभळी_शाई, गोष्ट सुरेख सांगितलीत, पण पुढचे अंक पाहिलेत का? नाटक तिथे संपलं नाही.

हा स्फटिक साधारण १०० केल्विनच्या खाली आपली रचना बदलतो. बदलल्यावर सगळे थर सारखे राहत नाहीत. वेगवेगळ्या थरांना ट्रिपलेटसाठी वेगवेगळी किंमत पडते. उंबरठ्याला स्वस्त थरात बोसॉन येतात, महाग थर रिकामे राहतात आणि एका स्वस्त थरातून पुढच्या स्वस्त थरात जायला मधला महाग थर भेदून जावं लागतं.

२०१४ साली इलेक्ट्रॉन-रचनेच्या गणितातून मझुरेंको आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की थरातल्या शेजारी जोड्यांमधलं परिणामी नातं मुळात एकाआड एक उलटं नाहीच, सरळ आहे. म्हणजे चारही शेजारी एकच दिशा सांगतात. कुचंबणा कुठली? २०२० साली अॅलेन्स्पाख आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनने तीन प्रकारचे थर वेगळे केले आणि घातांकाचा विचित्रपणा या विषम थरांतूनच येतो, कुचंबणेची गरज नाही, हे मांडलं.

जांभळी_शाई

अरेरे. माझी आवडती गोष्ट होती ती. पण हे तपासायचं कसं? घात १ दिसला ना?

घातांक

तपासलं गेलंय, आणि तपासण्याची युक्ती दाद देण्यासारखी आहे. बेरियमचा दहावा हिस्सा काढून तिथे स्ट्रॉन्शियम घातलं की रचना-बदल होतच नाही. थर सगळे एकसारखे राहतात. कुचंबणेची कथा खरी असती तर इथे घात १ आणखी स्वच्छ दिसायला हवा होता. मिळाला २/३. शुद्ध त्रिमिती.

घात १ दिसल्याबद्दल म्हणाल, तर घातांक उंबरठ्याच्या किती जवळ मोजता त्यावर ठरतो. उंबरठा स्वतःच त्याच मोजमापातून काढावा लागतो आणि उंबरठ्याचा आकडा जरा सरकवला की घातही सरकतो. दोन-तीन प्रकारचे थर असतील तर काही काळ कोणताही घात असल्याचा भास होऊ शकतो. २००६च्या मोजमापात चूक नव्हती, अर्थ बदलला. माझं वैयक्तिक मत असं की चुकीच्या कारणाने गाजलेल्या या पदार्थाने बरोबर कारणाने गाजलेल्या अनेकांपेक्षा जास्त शिकवलं.

वाचनवेडी

हा धागा रहस्यकथेसारखा चाललाय. म्हणजे खरा द्विमितीय संघनित कुठे मिळालाच नाही?

थंडगार

मिळाला म्हणता येईल असा एक आहे. इटर्बियम क्लोराइड, २०२४ची गोष्ट. इथे जोड्या नाहीत. इटर्बियमचे आयन मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसलेले आणि असे थर एकावर एक. काही काळ लोक याच्याकडे किटाएव पद्धतीचा स्पिन-द्रव (थंडीतही ज्यातले स्पिन मांडणीत गोठत नाहीत असा पदार्थ) म्हणून बघत होते. न्यूट्रॉन प्रकीर्णनाने तो साधा, सर्व दिशांना सारखा अँटीफेरोमॅग्नेट (शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट असणारा चुंबक) निघाला.

यात तळटीप यांनी सांगितलेली बातयेव-ब्रागिन्स्कीची वाट आहे. थराच्या पातळीत साधारण ६ टेस्ला क्षेत्र लावलं की सगळे स्पिन एका दिशेला. तिथून क्षेत्र उतरवत आणायचं, कलंडणारे स्पिन म्हणजे बोसॉन. नेमक्या उंबरठ्याच्या क्षेत्राला जो विरळ वायू असतो तो द्विमितीय वायूसारखा वागतो, आणि क्षेत्र त्याच्या खाली नेलं की थरांमधल्या अत्यल्प जोडणीच्या आधाराने, काठावर पास व्हावं तसं, संघनन होतं.

अर्धस्पिन, ‘मागमूस उरतो का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. संघनन त्रिमितीने घडतं, पण त्याच्या आजूबाजूचं सगळं राज्य द्विमितीचं असतं. त्रिमिती फक्त इवल्याशा पट्ट्यात उरते.

आणि ६ टेस्ला ही प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. हान पर्पलला संघनन सुरू व्हायला २३ टेस्ला आणि सगळे स्पिन वळवायला ४९च्या आसपास लागतात. तेवढ्याला स्पंद-चुंबक हवा, क्षेत्र सेकंदाच्या अंशापुरतंच टिकतं. ६ टेस्लाचा अतिवाहक चुंबक नेहमीच्या प्रयोगशाळेतही असतो. त्यात आरामात दिवसभर विशिष्ट उष्मा मोजत बसा.

नवशिक्या_२

मध्येच विचारतो, हसू नका. मी वाचलं होतं की मॅग्नॉनांचं संघनन सामान्य तापमानालाच झालंय, २००६ मध्ये. मग ही थंडीची उठाठेव कशाला?

तळटीप

हसण्यासारखं काही नाही, नाव एकच असल्याने सगळेच फसतात. ते डेमोक्रितोव्ह आणि सहकाऱ्यांचं काम, इट्रियम आयर्न गार्नेटच्या पातळ थरात. तिथे सूक्ष्मलहरींनी बाहेरून मॅग्नॉन कोंबतात. पंप बंद केला की संपलं. ती समतोलाबाहेरची गोष्ट. या धाग्यात चाललंय ते समतोलातलं, क्षेत्र असेपर्यंत संघनित राहतो. उलटतपासणी यांचा संख्येचा आक्षेप तिकडे जास्त लागू पडतो.

जांभळी_शाई

माझं एक उदाहरण तुम्ही मोडलंत, आता दुसरं देते. सगळेच बोसॉन संघनित होतात असं नाही. स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेटमध्येही तांब्याच्या जोड्या आणि थर आहेत, पण एका थरातल्या शेजारी जोड्या एकमेकींना काटकोनात. श्रीराम शास्त्री आणि सदरलँड यांनी १९८१ साली ही जाळी कागदावर सोडवली होती, स्फटिकात ती आहे हे १९९९ साली कळलं. इथे ट्रिपलेटला उडी मारताच येत नाही म्हटलं तरी चालेल. हलता येत नाही म्हटल्यावर ते एकमेकांपासून ठराविक अंतर राखून नक्षीत बसतात आणि क्षेत्र वाढवलं तरी चुंबकन १/८, १/४, १/३ अशा पायऱ्यांवर अडून राहतं. ही कुचंबणा तरी खरी आहे ना?

घातांक

ही शंभर टक्के खरी. उडी आणि ढकलाढकली यांची ही रस्सीखेच आहे. उडी जिंकली तर संघनित, ढकलाढकली जिंकली तर बोसॉनांचा स्फटिक.

अर्धस्पिन

सगळ्यांचे आभार. जाता जाता एक पडताळा करून पाहिला. इटर्बियम क्लोराइडमध्ये थरातली जोडणी सुमारे ५ केल्विन आणि क्षेत्राशिवाय स्पिनांची मांडणी ०.६ केल्विनला लागते असं वाचलं. गुणोत्तर आठाच्या आसपास. लॉगॅरिदम ८ यायचा तर थरांमधली जोडणी थरातल्या जोडणीच्या साधारण तीन हजारांत एक भाग. बरोबर दिशा आहे का?

घातांक

दिशा बरोबर, पण लॉगॅरिदमच्या पुढचा गुणक तुम्ही १ धरलात. तो २ धरलात तर लॉगॅरिदम १६ येतो आणि जोडणी तीन हजारांत एक भागावरून थेट नव्वद लाखांत एक भागावर उतरते. तापमानावरून जोडणी काढायला गेलात तर तीच लॉगॅरिदमची मेहेरबानी उलटी अंगावर येते, गुणकातली किरकोळ चूक घातांकात चढते. त्यामुळे गुणक नीट गणित करून आणा, किंवा जोडणी दुसऱ्या मोजमापातून काढा आणि मग तापमान तपासा.

अर्धस्पिन

कळलं. गुणकावर बसतो.